तिसऱ्या डोक्याची घागर

अव्वाकडं किरायानं खोली मागायला कुणी आलं की अव्वा आधी नाव विचारायची न्हाई, गाव विचारायची न्हाई, नौकरी कुठं तेबी न्हाई. पितळी तांब्या भरून पाणी द्यायची आन् दारातल्या फरशीवर बसून माणूस पाणी कसं पितो ते बघायची. दुष्काळाचं साल, उन्हातून आलेला माणूस घटाघटा प्यायचा, तळाशी घोटभर उरलं की सवयीनं तांब्या हलवायचा आन् अंगणात फेकून द्यायचा. फेकलं की अव्वा उठली. "खोली न्हाई बाबा, म्होरं बघा." तो बिचारा दारात उभा, आपलं चुकलं कुठं हे त्याला कळायचंच न्हाई. जो उरलेला घोट पिऊन घ्यायचा, न्हाईतर अंगणातल्या बेलाच्या बुडाला वतायचा, त्यालाच खोली मिळायची.

"नोटा बघून माणूस कळत न्हाई, घोट बघून कळतो," असं ती म्हणायची.

हे मला मागून कळलं. मी तिच्या दारात गेले तवा मला काईच ठावं नव्हतं, मला फक्त भेव ठावं होतं.

लातूर तवा नवा नवा जिल्हा झाला होता. जिल्हा झाला म्हून कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या म्हून साहेब आले, क्लार्क आले, आन् आमच्या ह्यांच्यासारखे शिपाईबी आले. हे आधी नांदेडात रोजंदारीवर होते. हुकूम निघाला तसं दोन पिशव्या, एक वळकटी, स्टो आन् दीड महिन्याची पोरगी घेऊन आम्ही एसटीत बसलो. माझं माहेर-सासर सगळं हदगावच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत, नांदेडच्या पल्याड मी कधी गेलेली न्हाई, लातूर म्हंजे मला परमुलूखच. बोलतेत मराठीच, पण हेल वेगळा, मधीच कानडी शब्द टाकतेत, मी नुसती हूं हूं करायची आन् ह्यांच्या तोंडाकडं बघायची.

एका देवळाच्या ओसरीत सामान ठेवून तीन दिवस आम्ही खोली हुडकत फिरलो. पोरगी काखेत असली की दार उघडणारी बाई आधी तिच्याकडंच बघायची. "तान्हं हाय का? मंग न्हाई बाई. तान्ह्याच्या दुपट्याला पाणी लागतंय, ते कुठून आणू?" दुसऱ्या गल्लीत एक म्हातारा म्हणला, "जिल्हा झाला बाई, आता खोल्या साहेबाला. शिपायानं कचेरीतच आंथरूण टाकावं की." एका घरी तर खोली दावली, चुलीची जागा दावली, मी मनात भांडी मांडूनबी घेतली, आन् तेवढ्यात पोरगी रडली. घरवाली म्हणली, "हे मला सांगितलं नव्हतं," आन् कुलूप लावून टाकलं. मी दारातच रडायला लागले, हे म्हणले, चल, लोक बघून राहिलेत.

चौथ्या दिवशी हे म्हणले, "तू एकटीच जा. बाईमाणसाला बाईमाणूस देती. मी पोरीला घेऊन हितं बसतो. विचारलं तर दोघंच हाव म्हण."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाचं? तिचं बारसं झालंय का? नाव न्हाई तोवर माणूस मोजतेत व्हय?"

बारसं खरंच राह्यलं होतं. बाराव्या दिवशी सासूबाई आजारी, त्या उठेपर्यंत हुकूम आला. मला ते पटलं. भ्यालेल्या माणसाला काईबी पटतं.

तर अशी मी अव्वाच्या दारात गेले. उंच, वाळलेली, साठीची बाई, अंगावर इरकली लुगडं, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. नवऱ्याचं किराणा दुकान होतं, तो गेला, दुकान गेलं, पण तिच्या हातातलं माप गेलं नव्हतं. सगळी गल्ली तिला अव्वाच म्हणायची, कानडीत आईला अव्वा म्हणतेत म्हणं. तिनं तांब्या दिला. मी एका दमात सगळा संपवला, फेकायला थेंबबी राह्यला न्हाई, आन् लाज सोडून म्हणले, "अजून देता का?" अंगावर पाजणाऱ्या बाईची तहान तुम्हाला काय सांगू, घसा न्हाई, हाडं वाळतेत.

अव्वा माझ्याकडं बघत राह्यली. पोरीला पाजायची वेळ टळून गेली होती, माझी चोळी भिजली होती, मी पदर घट्ट ओढून घेतला. म्हणलं, घाम समजंल.

"किती माणसं?"

"दोघं."

"दोघंच?"

"हाव."

अव्वानं एकदा माझ्या पदराकडं बघितलं, एकदा वर बेलाकडं बघितलं. "दोघं तर दोघं. डोकी तेवढ्या घागरी, हा माझ्या घरचा कायदा. टँकर चार दिसाला येतो, हौदाला कुलूप हाय, किल्ली माझ्याकडं. रोज सकाळी डोक्याला एक घागर. पिणं, सैपाक, आंघोळ, धुणं, सगळं त्यात. जमंल?"

"जमंल."

"मंग सामान आण. आन् हदगाववाले, हा दुसरा तांब्या सावकाश पी. पाणी काय पळून चाललं न्हाई."

त्या दिवसापासून मी हदगाववालीच झाले, माझं नाव तिनं कधी घेतलंच न्हाई.

देवळात येऊन पोरीला पाजलं, टोपल्यात निजवलं, आजूबाजूला भांडी लावली, वरून लुगडं पांघरलं, आन् अव्वाचा उंबरा चढताना टोपलं तिरकं झालं. अव्वा दारातच उभी. म्हणली, "सरळ धर गं, सरळ. भांडी फुटतेल." मी हाव हाव करत आत पळाले. पितळेची भांडी कुठं फुटतेत, हे मला त्या वक्ताला सुचलं न्हाई.

अंगणाच्या कडेनं पत्र्याच्या चार खोल्या. आमच्या भिंतीला भिंत लागून मास्तरीणबाई, त्यांचा नवरा शाळेत, दोन लेकरं. दुसऱ्याच दिवशी त्या हसून म्हणल्या, "बरं झालं दोघंच आलात. तान्हंवाल्याला ह्या उन्हाळ्यात ठेवायचंच न्हाई, आम्ही सगळ्यांनी अव्वाकडून कबूल करून घेतलंय. माझ्याच लेकरांच्या आंघोळी मी तीन दिसाला घालते, कुणाला आणखी कुठून द्यायचं?" त्यांचं काय चुकत होतं? काईच न्हाई. मी हाव म्हणले आन् दार लोटून घेतलं.

मंग माझं सुरू झालं. पोरगी रडली की छातीला लावायची. छातीला लागूनबी रडली की स्टोला पंप मारायचा, स्टोचा आवाज भरर्र होतो त्यात दबतं. रॉकेल संपत आलं की भांडी आपटायची. दुपटी दोरीवर आतच वाळवायची, दार लोटलेलं, वर पत्रा तापलेला, खोलीत सगळा मुताचा आन् रॉकेलचा वास, हे कचेरीतून आले की म्हणायचे, "दार तरी उघड." मी म्हणायची, "तुम्हीच उघडा आन् तुम्हीच सांगा सगळ्यांना."

त्यात एक बरं होतं, अव्वाची पूजा. तिची पूजा म्हंजे दिवसातून किती बारी, हिसाब न्हाई. सकाळी घंटी, दुपारी घंटी, चहाच्या वक्ताला घंटी. पोरीनं सूर काढला की तेवढ्यात तिकडं घंटी घणघणायची, मी म्हणायची, महादेवाच धावला. ह्यांना म्हणले, "काय देवभोळी बाई हाय हो." अंगाला भस्म तर इतकं, नुसतं कपाळच न्हाई, दंडाला, मनगटाला, मानेला, चालली की राख झडायची. मास्तरीणबाईबी म्हणायच्या, "आजकाल अव्वाला देवाचं जास्तीच झालंय."

आन् एक गोष्ट. सकाळी सगळ्यांच्या घागरी मोजून झाल्या, हौदाला कुलूप लागलं, बाया आत गेल्या की अव्वा हाक मारायची. "हदगाववाले, ही कळशी ने. पूजेचं शिळं पाणी हाय, देवाला चालत न्हाई. तुझ्या मोरीत टाकून दे." काठोकाठ कळशी. मी ती पटकन आत न्यायची, त्यात दुपटी धुवायची, पोरीचं अंग पुसायची, आन् मनात म्हणायची, म्हातारी भोळी हाय, हिला कळंना मी टाकते का वापरते. तांब्याची गोष्ट तवर मला मास्तरीणबाईनं सांगितली होती. घोटभर पाणी फेकलं म्हून माणसाला दारातून परत लावणारी बाई रोज कळशीभर पाणी "टाकून दे" म्हणती, हे कुणालाबी खटकलं असतं. मला न्हाई खटकलं. भेव असलं की माणूस आंधळं होतं.

तशी ती भोळी नव्हतीच. एकदा टँकरवाला अर्धा हौद भरून नळी गुंडाळायला लागला, म्हणला, संपलं अव्वा. अव्वानं काठी घेतली, टँकरला वरून खालपर्यंत ठोकत गेली, कान लावून. मधावर येऊन थांबली. "हितपर्यंत भरलेला हाय. वाजून राहिलाय बघ."

"पुढच्या गल्लीचं हाय ते, अव्वा."

"पुढच्या गल्लीचं पुढच्या गल्लीला दे, माझ्या गल्लीचं मला दे. माप मारलं की महादेव बघतो. आन् त्याला डुलकी लागली तर मी बघते."

सगळं अंगण हसलं, टँकरवालाबी हसला आन् नळी परत सोडली.

वीस-बावीस दिवस असे गेले. मंग साहेबासंगं हे दोन दिवसासाठी उदगीरला गेले, आन् त्याच सकाळी पोरीला हगवण लागली. एक दुपटं, दुसरं, चौथं, दोरीवरचं ओलंच घेतलं, माझ्या लुगड्याचा पदर फाडला. दोन्ही घागरी संपल्या, कळशी संपली. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, टाळू आत बसली, तोंडात थान दिलं तर ओढंना. आन् रडंना. इतके दिवस मी तिला रडू नको, रडू नको म्हणत होते, आता गालावर टिचक्या मारून राहिले, रड गं माय, एकदा रड. बाहेर न्यावं तर खोली जाती, आत ठेवावं तर पोरगी जाती. मी दाराच्या कडीला हात लावायची आन् काढायची. गावात कुणी ओळखीचं न्हाई, दवाखाना कुठल्या दिशेला तेबी ठावं न्हाई.

दार वाजलं. बाहेर अव्वा. हळूच म्हणली, "आज सकाळपासून मला घंटी वाजवायची पाळी आली न्हाई. लेकराला काय झालं? दार उघड."

मी दार उघडलं. अव्वानं आत पाऊल टाकलं, वास आला असंल, दोरीवरची दुपटी बघितली, पोरीला माझ्या हातातून घेतलं आन् सरळ अंगणात नेलं, सगळ्यांच्या म्होरं, उजेडात.

"यव्वा, किती हलकं झालंय! हदगाववाले, रडत बसू नको, स्टो पेटव, माझ्या हंड्यातलं पाणी उकळ. साखर आण, चिमटीभर मीठ आण."

मास्तरीणबाई भायेर आल्या, मागं त्यांची दोन लेकरं. "हे कुणाचं लेकरू?"

"हिचं."

"म्हंजे? हितं होतं? इतके दिवस?" त्या माझ्याकडं बघून न्हाई, अव्वाकडं बघून बोलत होत्या. "अव्वा, तुम्हाला ठावं होतं! मंग कायदा आम्हालाच का? माझ्या पोरांना मी वाटीनं मोजून पाणी देते, आन् तुम्ही..."

"कायदा मोडला न्हाई मी," अव्वा म्हणली. चमच्यानं पोरीच्या ओठावर पाणी सोडत होती, वर बघितलंच न्हाई. "डोकी तेवढ्या घागरी. तिसरं डोकं आलं, तिसरी घागर गेली. तुझ्यातली न्हाई, कुणातलीच न्हाई. माझ्या आंघोळीची."

"तुमच्या आंघोळीची? मंग तुम्ही पूजा कशी करता? आंघोळीबिगर तुम्ही लिंगाला हात लावत न्हाई."

"भस्माची आंघोळ करते. आमच्यात चालती. महादेव जन्मभर तीच करतो, त्याला कुणी खोली नाकारली न्हाई."

मास्तरीणबाई तिच्या दंडाकडं बघत राह्यल्या. मीबी बघत राह्यले. बावीस दिवसाची राख, कोपराच्या घडीत, मानेच्या सुरकुतीत, आन् मी तिला देवभोळी म्हणत होते. मास्तरीणबाई आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतेत. त्या परत आल्या तर एका हातात पाण्याची चरवी, दुसऱ्या हातात मऊ जुनी फडकी. "धाकट्याची हायेत. घ्या. आन् उठा आता, टांगा बघते, चमच्यानं किती वेळ निभंल?"

सरकारी दवाखान्यात आम्ही तिघी गेलो. टांग्यात अव्वा पोरीला पाणी पाजत होती, मास्तरीणबाईनं वर छत्री धरली होती, मी नुसती "वाचंल ना, वाचंल ना" करत होते. अव्वा म्हणली, "सुम्मनं बस, गप बस. घाबरायचं काम दवाखाना आल्यावर कर." डॉक्टरीणबाईनं सलाईन लावलं, आन् साखर-मिठाचं पाणी कुणी दिलं ते विचारलं. म्हणली, ते दिलं म्हून हितपर्यंत आली. संध्याकाळी पोरगी रडली. मोठ्यानं, सगळा वार्ड उठंल असं. मी स्टो हुडकायला लागले बघा सवयीनं, आन् मंग आठवलं, आता लपवायचं न्हाई.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. हेबी आले होते, खाली मान घालून बसले. मी पिशवीत भांडी भरायला घेतली. अव्वा उंबऱ्यात येऊन बसली. "कामून बांधून राहिलीस?"

"मी खोटं बोलले, अव्वा."

"तुझं तोंड खोटं बोललं. तुझी चोळी पहिल्याच दिशी खरं बोलली."

"मंग तवाच का हाकललं न्हाई?"

"मी भालकीहून नवरी होऊन आले तवा मराठीचा एक शब्द येत न्हवता. तहान लागली तर 'नीरू, नीरू' म्हणायची, घरातली पोरं हसायची, आन् कुणी पाणी देईना. परक्या मुलखात पाण्याला तरसलेलं माणूस मला लांबून कळतंय."

मी म्हणले, मला आजबी कळंना ती हिंमत कुठून आली, मी म्हणले, "मंग मला सांगायचं होतं की. बावीस दिवस मी तिला आत कोंडली."

अव्वा डबीवर अंगठा फिरवत होती. "ते चुकलं माझं. तान्हं ठेवायचं न्हाई हे मीच कबूल केलेलं, मीच मोडलं म्हणतेल, ह्याचं मला भ्या वाटलं गं. तू मला भेत होतीस आन् मी ह्या चार खोल्यांना भेत होते. मधी लेकरू भरडलं." मंग ह्यांच्याकडं वळली. "आन् हे शहाणे! नाव न्हाई म्हून मोजलं न्हाई व्हय? महादेवालाबी असला वकील भेटला न्हाई. सोमवारी बारसं करू."

सोमवारी तिच्या पडवीत पाळणा बांधला. घुगऱ्या मास्तरीणबाईनं केल्या. नाव ठेवलं गवरा. कानात नाव अव्वानं सांगितलं, आन् मंग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणली, "आता मोजा." त्या दिवसापासून चारी खोल्यांनी आपापल्या दर घागरीमागं एकेक तांब्या काढला, गवराची घागर भरायला लागली, आन् अव्वा परत पाण्यानं आंघोळ करायला लागली. रोज सकाळी हौदाचं कुलूप काढायच्या आधी ती माझ्या खोलीकडं बघून वरडायची, "हदगाववाले, किती माणसं?" मी आतून वरडायची, "तीन!" मास्तरीणबाईची लेकरं हसून लोळायची.

पुढं दोन-अडीच वर्षांनी ह्यांना सरकारी क्वार्टर मिळालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दारात नळ. मी गवराला घेऊन सोमवारच्या सोमवारी अव्वाकडं जायची. अव्वा तिला पितळी तांब्या द्यायची आन् फरशीवर बसून बघायची. गवरा प्यायची, उरलेला घोट दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हून जीभ भायेर काढून, बेलापर्यंत न्यायची. अव्वा म्हणायची, "हिला खोली दिली."

औंदा माघात अव्वा गेली. चार दिवस अंथरुणावर होती, कुणाला तकलीफ न्हाई. मी पोचले तवा तिला पडवीत बसवलं होतं, त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवतेत, झोपवत न्हाईत. उदगीरहून तिची लेक आली होती. आंघोळ घालायचं चाललं होतं, बाया एकेक तांब्या वतत होत्या. माझ्या कडेवर धाकटा, बोटाला गवरा, आन् डोक्यावर भरलेली घागर. सगळ्या गावातून मी ती घागर तशीच चालत आणली होती.

अव्वाची लेक म्हणली, "अगं बाई, एवढ्या लांबून कामून आणलीस? हौद भरलेला हाय, आता नळबी हाय की."

मी म्हणले, "ही तिचीच हाय. राह्यली होती."

तिला कळलं का न्हाई, ठावं न्हाई. पण मास्तरीणबाईला कळलं. त्यांनी माझ्या कडेवरचा धाकटा घेतला आन् बायांना म्हणल्या, "सरका, हिला जागा द्या." मी सगळी घागर अव्वाच्या डोक्यावरून सोडली, सावकाश, दंडावरून, कोपरावरून, मानेच्या सुरकुतीतून. मंग गवराच्या हातात तांब्या दिला. तिनं अव्वाच्या पायावर पाणी वतलं आन् थांबली. तांब्यात घोटभर राह्यलं होतं. माझ्याकडं बघून म्हणली, "आई, हे?"

मी काई सांगायच्या आधीच ती वळली आन् जीभ भायेर काढून, तांब्या दोन्ही हातांनी धरून, बेलाकडं चालायला लागली.